जुन्नरच्या लेखांतील दोन परदेशी शब्द

जुन्नरच्या लेण्यांतील तीन दानलेखांत दाते स्वतःस 'यवन' म्हणवितात. इरिलाने दोन 'पोढी', म्हणजे पाण्याची टाकी, दिली. चिटाने संघास भोजनमंडप दिला. चंदाने 'गभदार' दिले. मानमोडीच्या डोंगरातील दुसऱ्या एका लेखात, ४६ व्या वर्षी, अमात्य अयम आपला स्वामी नहपान यास 'महाखतप' म्हणतो. हे दोन्ही शब्द बाबिलोनच्या अक्कडी भाषेतही आढळतात.

त्यांपैकी 'खतप' हा सोपा. प्राचीन इराणी 'क्षथ्रपावन्', म्हणजे राज्याचा रक्षक, हे त्याचे मूळ. हखामनी साम्राज्याबरोबर तो दोन्ही दिशांस गेला. उत्तरकालीन अक्कडीत त्याचे 'अख्शद्रपन्नु' झाले. शब्दारंभीचे जोडाक्षर त्या भाषेस सोसत नसल्याने आरंभी स्वर आला; आपल्या बोलीत 'स्टेशन'चे 'इष्टेशन' होते, तसाच हा प्रकार.

'यवन' शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. 'यु' धातूपासून केलेली त्याची व्युत्पत्ती हा केवळ पंडिती खटाटोप होय. मूळ शब्द आयोनियातील ग्रीकांचा. असुर राजा दुसरा सारगॉन (इ. स. पू. ७२२–७०५) याच्या लेखांत त्यांचा उल्लेख येतो. दारयवहूच्या बेहिस्तून लेखात इराणी 'यौन' याच्या जागी बाबिलोनी पाठात 'यमनु' आहे. येथील 'म' पाहून बिचकण्याचे कारण नाही; उत्तरकालीन अक्कडी लेखक 'व'कारासाठी 'म'काराचीच चिन्हे वापरीत. अशोकाचा 'योन' इराणी रूपास जवळचा आहे. 'लवण' व 'लोण' यांच्या नात्यावरून 'यौन'चे संस्कृत 'यवन' घडले असावे. मात्र पाणिनीस 'यवन' ठाऊक असल्याने हे पुष्कळच आधी घडलेले असले पाहिजे.

मग जुन्नरचे हे दाते ग्रीक होते काय? शब्दाचे मूळ सापडले म्हणजे माणसाचे कुळ सापडले, असे होत नाही. 'चंद' हे नाव उघडच एतद्देशीय आहे. कार्ल्याच्या लेखांतही धेनुकाकटाचे यवन 'सिहधय' अशी भारतीय नावे धारण करतात. पहिल्या दोन लेखांतील 'गतानं' या पदावरून स्टेन कोनो यांनी गॉथ लोकांची कल्पना मांडली; ती एका ध्वनिसाम्यावरच उभी असल्याने मला पटत नाही. सातवाहन-क्षत्रपकाळी 'यवन' म्हणजे पश्चिमेकडून आलेला, किंवा तशा कुळाचा म्हणून ओळखला जाणारा, इतकाच अर्थ निश्चितपणे घेता येतो. पुढे हाच शब्द मराठी बखरींत मुसलमानांसाठी रूढ झाला. तो अर्थ मनात ठेवून हे लेख वाचणाऱ्याला संघास भोजनमंडप देणारा चिट कधीच उमगणार नाही.