खेळाचे रक्षण आणि खेळाडूचे रक्षण

बदनावरच्या आमच्या शाळेच्या मैदानावर हिवाळ्यातील दुपार कलली, की मुले कबड्डीच्या रेषा आखू लागतात. माळव्याची ही काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि वैशाखात तिला भेगा पडतात; खेळायला ती खरी अनुकूल होते दिवाळीपासून होळीपर्यंत. सामना सुरू होण्यापूर्वी मी प्रत्येक गड्याची बोटे पाहतो. नखे वाढलेली असली, तर ती कापल्यावाचून त्याला मैदानात उतरू देत नाही. मुले हसतात. त्यांना ही मास्तरांची लहर वाटते. परंतु नखे कापण्याची ही अट कबड्डीच्या नियमावलीतच आहे, आणि तिच्यामागे एक इतिहास आहे. त्या इतिहासापासून आरंभ करून आज मला एका नव्या तऱ्हेच्या संस्थेविषयी बोलायचे आहे. ती संस्था खेळ राखणारी नव्हे. खेळाडू राखणारी आहे.

हुतूतू हा खेळ आपल्याकडे गावोगाव चाले, पण गाव बदलले की नियमही बदलत. गडी किती असावेत, मैदान केवढे असावे, दम कोठे धरावा, याविषयी एकवाक्यता नव्हती. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि १९१४ साली त्याने खो-खोचे नियम तयार केले. पुढील दशकात हुतूतूच्या नियमांनाही महाराष्ट्रात निश्चित रूप येत गेले, आणि १९२३ साली बडोद्यास त्या नियमांनुसार सामने झाले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांचे दर्शन जगाला घडविले. १९५० साली कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला मानाचे स्थान मिळाले. या सर्व उभारणीत शाळामास्तर, कारकून, तालमीतील वस्ताद अशा माणसांचा वाटा फार मोठा होता. संध्याकाळी कामावरून सुटून ती मैदानावर येत. हौशी खेळाचा पाया तो हाच.

या मंडळींनी केलेले नियम आज शांतपणे वाचले, तर एक गोष्ट ध्यानात येते. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून किंवा गळा आवळून त्याचा दम मोडू नये. पायांची कात्री घालून त्याला पाडू नये. अंगाला तेल वा निसरडा पदार्थ लावू नये. नखे बारीक कापलेली असावीत. वजनाचे आणि वयाचे गट पाळावेत. यांतील पुष्कळसे नियम खेळाला रंग यावा म्हणून केलेले नाहीत. गडी धडधाकट घरी जावा म्हणून केलेले आहेत. खेळाची प्रतिष्ठा आणि गड्याचा हातपाय या दोहोंचे रक्षण एकाच शिट्टीने व्हावे, अशी ती व्यवस्था होती. तिच्याविषयी आपण कृतज्ञच असले पाहिजे.

तथापि, पंचाची शिट्टी रेषेच्या आत चालते. रेषेबाहेर काय? सरावाची वेळ, परगावचा प्रवास, मुक्कामाची खोली, संघात कोणाला घ्यावयाचे याचा निर्णय, हे सारे रेषेबाहेरचे. तेथे वस्तादाचा शब्द अखेरचा असतो. गुरूवरील निष्ठा हा आपल्या आखाड्यांचा मोठा गुण; माळव्यात पवारांच्या आणि होळकरांच्या काळापासून तालमी नांदल्या त्या या निष्ठेच्या बळावर. पण ज्या निष्ठेला प्रश्न विचारता येत नाही, तिच्या आड एखादा दुर्जन सहज लपू शकतो.

१९९० साली हरियाणात असेच घडले. चौदा वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीचा विनयभंग झाला. अपराध करणारा हा राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता, आणि त्याखेरीज पोलिस खात्यातील वरिष्ठ अधिकारी होता. मुलीने दाद मागावी कोठे? संघटनेकडे जावे तर तेथे तोच. पोलिसांकडे जावे तर तेथेही तोच. १९९३ साली त्या मुलीने आपले जीवन संपविले. न्यायालयाने अध्यक्षास दोषी ठरविले ते २००९ च्या डिसेंबरात, म्हणजे एकोणीस वर्षांनी. या प्रकरणात कबड्डीच्या वा टेनिसच्या कोणत्याही पंचाला शिट्टी वाजविण्यास जागाच नव्हती.

हा प्रश्न आपल्याच देशाचा होता असे नव्हे. ब्रिटनमध्ये १९९५ साली ऑलिंपिक जलतरण संघाच्या एका माजी प्रशिक्षकास खेळाडूंवरील अत्याचारांबद्दल सतरा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्या धक्क्यातून पुढे २००१ साली क्रीडाक्षेत्रातील बालसंरक्षणाचा स्वतंत्र कक्ष उभा राहिला. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षे मुलींवर उपचाराच्या नावाखाली अत्याचार केले. २०१८ च्या जानेवारीत मिशिगनच्या न्यायालयात सात दिवस दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया एकामागून एक बोलल्या. त्यांतील कित्येकींनी पूर्वीच तक्रार केली होती. पण ती ऐकणाऱ्यांना पदकांची आणि संस्थेच्या नावाची चिंता अधिक होती. तत्पूर्वी २०१७ च्या मार्चमध्ये डेन्व्हर शहरी ‘सेफस्पोर्ट’ नावाचे केंद्र सुरू झाले होते. २०१८ च्या फेब्रुवारीत कायद्याने त्याला अधिकार दिले, आणि मुलांवरील अत्याचाराचा संशय येताच चोवीस तासांत कळविण्याचे बंधन खेळातील जबाबदार प्रौढांवर घातले. मूल आणि मोठे माणूस यांनी सरावात इतरांच्या दृष्टीआड एकटे असू नये, हाही दंडक झाला. नखे कापण्याच्या नियमाचाच हा मोठा भाऊ म्हणावयाचा.

आपल्याकडे २०२३ च्या जानेवारीत नामवंत कुस्तीगीर, स्त्रिया आणि पुरुष, दिल्लीच्या जंतर-मंतरवर येऊन बसले. ज्या महासंघाने आपल्याला जपावे, त्याच्याच अध्यक्षाविरुद्ध त्यांची तक्रार होती. त्या आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम. आपण येथे तो करू नये. परंतु देशासाठी पदके जिंकलेल्या खेळाडूंना दाद मागण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले, ही गोष्ट निवाड्याची वाट न पाहताही खेदाची ठरते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी, हा कायदा २०१३ चा. तरीही अनेक क्रीडा महासंघांत तशी समिती धड अस्तित्वात नसल्याचे त्या वर्षी उघडकीस आले. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. खेळाडूंच्या, विशेषतः स्त्रिया आणि अल्पवयीन मुले यांच्या सुरक्षिततेचे धोरण आणि तक्रार निवारणाची व्यवस्था यांना त्यात स्थान मिळाले.

कायदा झाला म्हणजे संस्था उभी राहिली असे नव्हे. अशा संस्थेचे नेतृत्व करणाऱ्यास तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात, असे हा इतिहास सांगतो. पहिली गोष्ट ही, की तक्रार ऐकणारा आणि संघ निवडणारा हे एक नसावेत. दुसरी, संस्थेला लागणारा पैसा ज्यांच्याकडून येतो, त्यांना तिच्या निर्णयात हात घालता येऊ नये. आणि तिसरी, रक्षण करणाऱ्यांचीही पारख झाली पाहिजे. या तिसऱ्या गोष्टीचे प्रत्यंतर खुद्द डेन्व्हरच्या केंद्राने दिले. तेथे नेमलेला एक तपास अधिकारी पूर्वी पोलिसात असताना केलेल्या गंभीर गुन्ह्यांच्या आरोपांत सापडला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या मुख्याधिकारी बाईंना पद सोडावे लागले. कुंपणाकडेही कोणीतरी पाहावे लागते.

मी कॅथलिक आहे. त्यामुळे हे बोलताना दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखविण्याचा मला अधिकार नाही. मुलांच्या वेदनेपेक्षा संस्थेचे नाव जपण्याचा दोष आमच्या चर्चमध्येही अनेक देशांत घडला. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी आयोग नेमला, आणि स्वतः बालपणी अत्याचार सोसलेली एक आयरिश स्त्री त्यात सभासद झाली. कारभारी मंडळींकडून पुरेसे सहकार्य मिळत नाही, असे सांगून २०१७ साली तिने राजीनामा दिला. पवित्र हेतू असलेल्या संस्थाही आपल्या नावाच्या मोहातून सहज सुटत नाहीत, हे मी तेव्हा शिकलो.

आता पुन्हा आमच्या मैदानावर येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलींच्या संघातील एक चांगली चढाईपटू अकस्मात सरावास येईनाशी झाली. मी हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे ‘अनियमित’ असे लिहिले आणि दुसरी मुलगी घेतली. कदाचित घरचे काम असेल, कदाचित अभ्यास असेल; काही अनिष्ट घडले होते असे मानण्यास मजजवळ आधार नाही. पण मी विचारले नाही. तिची नखे मी दर सामन्याला पाहिली होती. ती का येत नाही, एवढे मात्र पाहिले नाही.

मुलांवरील लैंगिक अपराधांसंबंधीचा २०१२ चा कायदा सांगतो, की अशा अपराधाची माहिती ज्याला मिळेल त्याने ती पोलिसांना कळविलीच पाहिजे. न कळविणे हाही अपराध आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. १९९६ साली मुंबईत त्याचा आरंभ झाला. ही माहिती प्रत्येक क्रीडा मंडळाच्या भिंतीवर, स्पर्धेच्या तक्त्याशेजारी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहिलेली असावी. तालुक्याच्या मंडळाने तक्रार ऐकण्यासाठी खेळाशी संबंध नसलेली एखादी जाणती बाई नेमावी. त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही; हुतूतूचे नियम करणाऱ्या मास्तरांनीही ती पाहिली नव्हती.

आमच्या वहीत आता एक नवा रकाना आखला आहे. मूल तीन दिवस आले नाही, तर त्याच्याशी कोण बोलले आणि केव्हा, हे त्यात लिहावयाचे असते. या आठवड्यात त्यात दोन नावे आहेत. उद्या सकाळी मला दोन घरी जायचे आहे.