विष्णुदास (नाममुद्रा)

विष्णुदास : प्राचीन मराठी अभंगवाङ्मयात कवीने स्वनामाआधी योजिलेला विनम्र आत्मनिर्देश. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे ज्यांचे जन्मस्थान मानण्याची दृढ परंपरा आहे (पंढरपूरचाही पक्ष आहेच) आणि ज्यांना त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांचा उपदेश लाभल्याचे सांगतात, त्या नामदेवांच्या (१२७०–१३५०) गाथेत ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा वारंवार येते.

स्वतःस उणेपणा घेऊन बोलण्याची ग्रांथिक रीत सार्वत्रिक आहे. कँटनी भाषेतही वक्ता स्वतःस ‘लहान भाऊ’ म्हणवितो. परंतु तेथे तो श्रोत्याहून लहान होतो, तर मराठी संतकवी श्रोत्यापुढे न वाकता कोणा तिसऱ्याचा, देवाचा वा गुरूचा, होऊन राहतो. नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी राबणाऱ्या गंगाखेडच्या जनाबाई ‘नामयाची दासी’ झाल्या आणि एकनाथांनी आपले गुरू जनार्दनस्वामी यांचे नाव आपल्या नावास कायमचे जोडून घेतले; चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाईंची ‘चोखियाची महारी’ ही मुद्रा मात्र या मालिकेत सरसकट बसविणे योग्य नव्हे, कारण तिच्यातील दुसरा शब्द भक्तीने स्वीकारलेला नसून गावगाड्याने लादलेला आहे.

दरबारी लेखनातील नम्रता निराळ्या जातीची. पेशवाईतील ‘विज्ञापना’ असो, की हिंगोलीचा मुलूख ज्या निजामी अमलाखाली १९४८ पर्यंत होता तेथील उर्दू अर्जांतला ‘फिदवी’, म्हणजे जीव ओवाळून टाकणारा, असो, अर्जदाराचे हे दास्य सहसा पुढील ओळीतल्या मागणीपुरते असते.

‘विष्णुदास’ हे पद कोणाही वैष्णवास शोभणारे असल्याने अभ्यासकांची मोठी अडचण झाली आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाभारत ओवीबद्ध करणारा विष्णुदास नामा हा स्वतंत्र कवी होऊन गेला. त्याची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळली, आणि नकलकारांनी नम्रतेची खूण हीच ओळख समजून दोघांस एक केले. म्हणून कोणता अभंग कोणाचा याचा निवाडा केवळ मुद्रेवरून करता येत नाही. भाषेचे जुने रूप आणि हस्तलिखिताचा काळ पाहावा लागतो. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथाच्या परंपरेतील नामदेवांची ६१ पदे म्हणूनच स्वतंत्र साक्ष ठरतात. मात्र ती हिंदी वळणाची असल्याने मराठी गाथेतील प्रत्येक अभंगास त्यांचा दाखला देता येत नाही.