सह्यांच्या आधीची घटना

प्रजासत्ताक दिन जवळ आला की भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची छायाचित्रे फिरू लागतात. सोबत एक दावाही असतो: मूळ घटना हीच, तिच्यात मूलभूत हक्कांच्या भागावर राम-सीता-लक्ष्मण आहेत, निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत, आणि पुढे ही चित्रे गाळून घटनेचे रूपच पालटले. प्रत खरी, चित्रेही खरी. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी सगळा इंग्रजी मजकूर सुंदर अक्षरात हाताने लिहिला. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आणि त्यांचे शिष्य यांनी पाने सजवली. पण या प्रतीला घटनेचा उगम मानले की सगळा कालक्रम उलटा होतो.

उगम शोधायचा तर तो टंकलिखित मसुद्यांत सापडतो, आणि ते दिसायला अगदीच रुक्ष. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव यांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये तयार केलेल्या पहिल्या मसुद्यात २४३ कलमे होती. डॉ. आंबेडकरांच्या मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये दिलेल्या मसुद्यात ती ३१५ झाली. मग सदस्यांकडून ७,६३५ दुरुस्त्या आल्या; त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. शेवटी ३९५ कलमे उरली. २५ नोव्हेंबर १९४९च्या समारोपाच्या भाषणात आंबेडकरांनी श्रेयाचा वाटा राव यांना आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना मोकळेपणाने दिला. किचकट तरतूद सोप्या पण कायद्यात चोख बसणाऱ्या भाषेत आणणारे हे मुखर्जी आज फारसे कुणाला आठवत नाहीत. हस्तलिखिताच्या सुलेखनकाराचे नाव मात्र दरवर्षी निघते. सभागृह भांडले ते शब्दांवरून, कधी एखाद्या स्वल्पविरामावरूनही. चित्रे मताला टाकलीच नव्हती.

यावर कोणी म्हणेल, सदस्यांनी सह्या तर त्याच सजवलेल्या प्रतीवर केल्या ना? केल्या, पण एकट्या तिच्यावर नव्हे. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी सभागृहाला तीन प्रती तयार असल्याचे सांगितले: एक हस्तलिखित आणि कलावंतांनी सजवलेली इंग्रजी, दुसरी छापील इंग्रजी, तिसरी हस्तलिखित हिंदी. शिवाय संविधान मंजूर झाले ते २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, आणि कलम ३९४ प्रमाणे नागरिकत्वाची ५ ते ९ ही कलमे, निवडणूक आयोगाचे ३२४ वे कलम आणि आणखी काही कलमे त्याच दिवशी अमलात आली. सदस्यांची रांग सह्यांसाठी लागायच्या जवळजवळ दोन महिने आधीच या देशाला कायद्याने नागरिक मिळाले होते. मग ती चित्रे बिनमहत्त्वाची म्हणायची का? मुळीच नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेपासून अकबर, टिपू सुलतान, झाशीची राणी आणि नोआखालीतले गांधीजी यांच्यापर्यंत पसरलेली ती मालिका त्या पिढीने स्वतःच्या इतिहासाकडे कसे पाहिले याचा अव्वल दर्जाचा पुरावा आहे. कलमाचा अर्थ लावायला मात्र तिचा उपयोग नाही, आणि तिच्यातले एकच पान सोयीने उचलणाऱ्यांना तर अजिबातच नाही.

सहीमुळेच कायदा होतो असे अजूनही वाटत असेल, तर तिसऱ्या प्रतीकडे पाहावे. ती वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. कागद पुण्याच्या हातकागद संशोधन केंद्रातला. सह्या त्याच दिवशी झाल्या, त्याच सभागृहात. तरीही कायद्याच्या दृष्टीने अधिकृत पाठ इंग्रजीच राहिला. हिंदी अनुवादाला अधिकृत स्थान मिळाले ते १९८७ मध्ये, ५८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३९४-अ घातल्यावर. आणि तेव्हाही सह्या झालेला मजकूर जसाच्या तसा घेतला नाही, तर केंद्रीय कायद्यांच्या अधिकृत हिंदी पाठांतील भाषा, शैली आणि परिभाषेशी जुळण्यासाठी लागतील ते फेरफार करून आणि तोवरच्या दुरुस्त्या त्यात घालून तो प्रसिद्ध करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला गेला.