नाथीबाईंचे नाव आणि पार्वतीबाईंचे हात

विद्यापीठांच्या समारंभांत दोन प्रकारच्या व्यक्तींचे गुणगान होत असते. एक, ज्यांनी संस्थेस द्रव्य दिले त्यांचे. दुसरे, संस्थेतून बाहेर पडून ज्यांनी नाव मिळविले त्यांचे. हा प्रघात योग्यच आहे; कृतज्ञतेवाचून संस्था जगत नाहीत. परंतु गृहशास्त्र शिकविणाऱ्या विद्यालयाच्या बाबतीत हाच प्रघात मनुष्यास थोडा विचारात पाडतो. ज्या कामाची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही, जे केल्याबद्दल कोणी आभार मानीत नाही आणि न केल्यास मात्र सारे घर ओरडते, त्या कामाचे हे शास्त्र. मग त्याच्या उपकारकर्त्यांची यादी करताना नोंद न झालेल्यांची नोंद कोणी करावयाची?

या शास्त्राचा उगम पाहू गेल्यास आपणांस अमेरिकेतील एका रसायनशास्त्रज्ञ बाईंपर्यंत जावे लागते. एलेन स्वॉलो यांना १८७० साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या पुरुषांच्या संस्थेत प्रवेश मिळाला. त्यांजकडून शुल्क घेण्यात आले नाही. आपल्या गरिबीकडे पाहून ही सवलत दिली असावी, अशी त्यांची समजूत होती. पुढे कळले ते असे की, ही बाई आमची विद्यार्थिनीच नव्हे, असे म्हणण्याची सोय अधिकाऱ्यांनी त्या मार्गाने ठेवून दिली होती! १८७३ साली त्या तेथील पदवीधर झाल्या. विवाहानंतर एलेन रिचर्ड्‌स या नावाने त्यांनी पाणी, हवा व अन्न यांचे पृथक्करण करण्यात आयुष्य वेचले. घर हीदेखील एक प्रयोगशाळाच आहे, पिण्याचे पाणी शुद्ध की अशुद्ध, बाजारचे पीठ निर्भेळ की भेसळीचे, हे प्रश्न विद्वानांनी हाती घेण्याइतके मोठे आहेत, हा त्यांचा आग्रह होता. १८९९ साली लेक प्लॅसिड येथे त्यांच्या पुढाकाराने जी परिषद भरली, तिच्यातून या विषयास विद्यालयीन स्वरूप येत गेले. १९११ साली त्या निवर्तल्या, तेव्हा अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत गृहशास्त्राचे विभाग उभे राहिले होते.

दुसरे ठिकाण जपानचे. नारुसे जिन्झो या शिक्षकांनी अमेरिकेत काही वर्षे अध्ययन करून स्वदेशी परतल्यावर १९०१ साली टोकियो येथे स्त्रियांचे विद्यापीठ स्थापिले. त्यात आरंभीच जपानी वाङ्मय व इंग्रजी वाङ्मय यांच्या बरोबरीने गृहशास्त्राचा विभाग होता. त्यांस साहाय्य करणाऱ्यांत ओसाका येथील हिरोओका असाको या बाई प्रमुख होत्या. या बाई पेढी आणि खाणी यांचा कारभार स्वतः पाहणाऱ्या. स्त्रीच्या हाती द्रव्य आले असता ते स्त्रीच्या विद्येसाठी कसे वळते, याचे हे ठळक उदाहरण होय.

या जपानी विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पुण्यास धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. १९१५ च्या अखेरीस मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांजकडे आले होते. तेथे त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढल्याच वर्षी, १९१६ साली, अवघ्या पाच विद्यार्थिनींवर विद्यापीठाचा प्रारंभ केला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पहिले कुलपती झाले. शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे, इंग्रजीही शिकवावयाचे, आणि गृहजीवनशास्त्र व आरोग्यशास्त्र हे विषय अभ्यासक्रमात आवश्यक मानावयाचे, अशी योजना होती. पदवीचे नावही संस्कृत वळणाचे ठेविले, ते म्हणजे ‘गृहीतागमा’.

या योजनेवर आक्षेप आले आणि ते सर्वस्वी पोकळ होते असे म्हणता येणार नाही. स्त्रियांस निराळा व सोपा अभ्यासक्रम देणे म्हणजे त्यांची बुद्धी उणी मानणे नव्हे काय? स्वयंपाकघरातून बाहेर पडू पाहणारीस पदवी देऊन पुन्हा तेथेच बसविणार काय? कर्व्यांचे उत्तर व्यवहारी माणसाचे होते. ज्यांस प्रचलित विद्यापीठांत जावयाचे असेल त्यांस ती वाट मोकळीच आहे; परंतु ज्या हजारो मुलींस ती वाट कधीच लाभणार नाही, त्यांच्यासाठी निराळी वाट पाडण्यास हरकत कोणती? वाद तेथे मिटला नाही, आणि सरकारी मान्यताही स्वराज्यानंतर, १९५१ साली मिळाली. तोवर पस्तीस वर्षे हे विद्यापीठ लोकांच्या विश्वासावर चालले.

विश्वासास द्रव्याची जोड लागते. हिंगण्याच्या माळावर आश्रमाची पहिली झोपडी १९०० साली उभी राहिली ती रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जमिनीवर. विद्यापीठाचे भाग्य मात्र १९२० साली उघडले. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी हे जगप्रवासात जपानास गेले असता त्यांनी टोकियोचे तेच विद्यापीठ पाहिले. एका पुस्तिकेने कर्व्यांस जे दाखविले होते ते विठ्ठलदासांनी प्रत्यक्ष पाहिले, आणि परत आल्यावर पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास देण्यात आले: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. दोनच वर्षांनी, १९२२ साली, विठ्ठलदास वारले. त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाई यांनी ती निष्ठा पुढे चालविली, आणि १९५१ साली विद्यापीठास वैधानिक स्वरूप आल्यावर त्याच पहिल्या कुलगुरू झाल्या.

या नावाविषयी थोडे बोलावेसे वाटते. मोठ्या देणगीबरोबर नाव येते, आणि धनिकाने नाव विकत घेतले, असे म्हणणारेही असतात. परंतु येथे नाव आहे ते लक्ष्मीपुत्राचे नव्हे, त्याच्या आईचे. नाथीबाई यांचा सार्वजनिक इतिहास जगास ठाऊक नाही. त्या कोणाच्या तरी आई होत्या, एवढीच त्यांची ख्याती. घर चालविणाऱ्या लक्षावधी बायकांची ख्यातीही तेवढीच असते. गृहशास्त्र शिकविणाऱ्या विद्यापीठास याहून शोभणारे नाव कोणते मिळाले असते?

परंतु पंधरा लक्षांच्या आधीची एक कहाणी आहे, आणि ती विसरून चालणार नाही. पार्वतीबाई आठवले या कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या भगिनी. जन्म १८७० चा; विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आले; पदरी एक मुलगा. आश्रमात येऊन त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. इंग्रजी येत नसल्यामुळे परप्रांतांत मदत मागणे कठीण पडते, असे दिसून येताच, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९१८ साली, ही बाई एकटी अमेरिकेस गेली. हेतू दोन: भाषा शिकावी आणि संस्थेसाठी पैसा जमवावा. जवळ द्रव्य नव्हते. तेव्हा परक्यांच्या घरी मोलकरीण म्हणून राहून, भांडी घासून व झाडलोट करून त्यांनी दिवस काढले. १९२० साली त्या परतल्या. पुढे १९२८ साली ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे सांगितले आहे.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. १९१७ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने शाळांतील गृहशास्त्राच्या शिक्षणास कायद्याने द्रव्यसाहाय्य देऊ केले होते. म्हणजे त्या देशात घरकाम हे शास्त्र म्हणून सन्मान पावत असतानाच, ते शास्त्र आपल्या देशातील मुलींस शिकविणाऱ्या संस्थेसाठी, एक महाराष्ट्रीय विधवा त्याच देशातील घरांत तेच काम मोलाने करीत होती. व्यासपीठावर ज्याचा गौरव होतो ते काम आणि मोरीवर जे केले जाते ते काम, ही दोन नव्हेत, हे सांगण्यास याहून मोठे व्याख्यान नको.

आता विद्यार्थिनींविषयी. ज्यांस भीती होती की हा अभ्यासक्रम मुलींस चुलीपाशी बांधून ठेवील, त्यांस उत्तर विद्यार्थिनींनीच दिले. साहित्यसम्राट नरसिंह चिंतामण केळकर यांच्या कन्या कमलाबाई देशपांडे या याच विद्यापीठाच्या पदवीधर. त्यांनी युरोपात प्राग येथे जाऊन डॉक्टरेट मिळविली. त्यांचा विषय प्राचीन भारतातील बालक हा होता. पाळण्यापासून मुंजीपर्यंत गृह्यसूत्रांनी मुलाभोवती जे संस्कार गुंफले त्यांचा अभ्यास. घर सोडून विद्या गाठली असे नव्हे, तर घरच विद्येचा विषय झाले. एलेन रिचर्ड्‌स यांनी चुलीवरच्या पाण्यात रसायन पाहिले, कमलाबाईंनी पाळण्यात इतिहास पाहिला, दृष्टी एकच.

तरीही आक्षेपकांचे एक म्हणणे शिल्लक राहते, आणि ते आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गृहशास्त्र केवळ मुलींनीच शिकावे, हा समज जोवर टिकेल तोवर ते अर्धेच शास्त्र राहील. घर दोघांचे असते; पाणी, अन्न, आजारी मूल आणि महिन्याचा खर्च ही स्त्रीचीच जबाबदारी असे निसर्गाने कोठे लिहून ठेवलेले नाही. संस्थापकांनी आपल्या काळी जेवढे जमले तेवढे केले. उरलेले काम त्यांच्या वारसांचे आहे.

असो. कृतज्ञतेच्या दिवशी कोनशिलेवर कोरलेल्या नावांस वंदन अवश्य करावे, कारण पंधरा लक्षांवाचून ही इमारत उभी राहिली नसती. पण त्याच वेळी कोनशिलेखालील पाया आठवावा. त्यात सहा एकर माळ आहे, पाच विद्यार्थिनींचे धाडस आहे, आणि परदेशी मोरीवर भांडी घासताना भेगाळलेले दोन हात आहेत. त्या हातांस देणगीदार म्हणावे की विद्यार्थिनी, हे ठरविणे कठीण आहे. बहुधा त्या दोन्हीही होत्या.