आत्याचा लूप

थोरल्या आत्यानं लूप बसवून घेतला तो चौथ्या बाळंतपणानंतर, १९६६च्या सुमारास. सरकारनं लूप आणला त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. "प्लॅस्टिकचा, वाकडातिकडा, खाली दोन दोरे. नर्सबाईनं तळहातावर ठेवून दाखवला," शेंगा फोडता फोडता ती सांगायची. जॅक लिपीस या अमेरिकी डॉक्टरनं तो शोधला, पण आत्याच्या लेखी तो नर्सबाईचाच. नवऱ्याला विचारलंस का? तर म्हणे, "विचारत बसले असते तर पाचवं झालं असतं."

पुढचं ती खालच्या आवाजात सांगायची. पाळी आली की आठ-आठ, दहा-दहा दिवस अंगावरून जायचं. जुन्या धोतराच्या घड्या पुरायच्या नाहीत. उजाडायच्या आत विहिरीवर जाऊन त्या धुवायच्या आणि गोठ्यामागं, कडब्याच्या आडोशाला वाळत घालायच्या. कंबर धरलेली. चार दिवसांचा कावळा दहा दिवस उठेना, म्हणून ऐन सुगीत सासूची बोलणी वेगळीच. नर्सबाई म्हणायची, "होईल सवय." गावात तोवर भलतंच उठलं होतं: लूप वर सरकतो, काळजाला जाऊन अडकतो, नवऱ्याला शॉक बसतो.

शिकलेले लोक या अफवांना हसत. लूप काळजाला जात नाही, हे खरंच. पण जास्त रक्तस्राव आणि पोटात कळा हे त्याचे खरेखुरे त्रास होते, आणि अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला ते झेपणारे नव्हते. किती बायकांना बसवला, हे वर कळवलं जाई. नंतर त्यांचं काय झालं, हे विचारायला फारसं कुणी येत नसे. तक्रारीला दुसरीकडं कुठं जागा नव्हती, म्हणून ती अफवेत शिरली असं मला वाटतं.

तसा हा विषय महाराष्ट्राला नवा नव्हता. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. कर्व्यांना बाईच्या इच्छेची पडली होती. सरकारी कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाला लोकसंख्येची घाई होती. ती घाई आणीबाणीत कुठवर गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या विधिमंडळानं १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो.

त्यानंतर पुरुषांनी जे अंग काढून घेतलं ते कायमचंच. ऑपरेशन म्हणजे बाईचं, असं ठरून गेलं. धाकट्या मावशीचं शिबिरात झालं, बिनटाक्याचं, सकाळी नेलं आणि दिवस मावळायच्या आत जीपनं घरी सोडलं. पुढं आयुष्यभर कंबर दुखली की ती ऑपरेशनलाच बोल लावायची. डॉक्टर म्हणायचे, त्याचा काही संबंध नाही. असेलही. पण पुरुषाचं ऑपरेशन याहून सोपं, पोट उघडावं लागत नाही, मग काकांचं का केलं नाही, असं मी एकदा विचारलं.

"ते कसं करायचं? सासूबाई म्हणाल्या, त्याला नांगर धरायचाय, अंगातला जोर जाईल."

बैल विकून तेव्हा दोन वर्षं झाली होती.