शब्दाचे माप

श्रोतेहो, बोलणाऱ्याच्या तोंडून वावगा शब्द जातो, ऐकणारे खवळतात, आणि मग सरकारने त्याचे तोंड बंद करावे अशी हाकाटी सुरू होते. हा प्रकार आपल्याला नवा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये रणवीर अलाहाबादिया या तरुण प्रसारकाने मुंबईत चित्रित झालेल्या एका विनोदी कार्यक्रमात आईबापांविषयी असभ्य प्रश्न विचारला. देशभर गहजब झाला, महाराष्ट्रात व आसामात पोलिसांकडे तक्रारी गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारीस त्याला अटकेपासून संरक्षण दिले, परंतु त्याची भाषा घाणेरडी ठरवून काही काळ कार्यक्रम करण्यासही मनाई केली. तो विनोद मलाही किळसवाणा वाटला, हे सांगून टाकतो. परंतु किळस येणे ही एक गोष्ट आणि अपराध घडणे ही दुसरी. त्या दोहोंमधील अंतर कोणत्या मापाने मोजावे, याचे एक उत्तर आपल्याच मध्यप्रांतात, चांद्याच्या जंगलापासून फार दूर नव्हे अशा ठिकाणी घडले आहे. आज त्याचीच कथा सांगावयाची आहे.

आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे त्या काळी मिळून एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली. साग, बांबू आणि भाताच्या बांध्या यांच्या या मुलुखात वर्तमानपत्र क्वचित पोहोचे, नभोवाणी तर नाहीच. पण खंजिरी पोहोचे. तुकडोजी महाराजांची भजने हीच तेथील ध्वनिक्षेपणाची व्यवस्था होती म्हणा ना! ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्यालाही खंजिरीच्या तालावरचा शब्द कळे, आणि एका गावात रात्री म्हटलेले भजन दुसऱ्या गावात सकाळी लोकांच्या ओठी येई. १९४२ च्या ऑगस्टात या भजनांनी लोक चिथावले जातात असा सरकारचा ग्रह झाला, व २८ ऑगस्ट रोजी महाराजांना चंद्रपुरात अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले.

सरकारचा हा ग्रह अगदीच निराधार होता काय? येथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. आणि मग संतप्त जमावाने डुंगाजी व सोनवणे यांच्यासह सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. शब्दाने माणसे हलतात, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. स्वातंत्र्याचे पुष्कळसे कैवारी हा भाग झाकून ठेवतात, आणि तेथेच त्यांचा पक्ष लंगडा पडतो.

परंतु पुढे काय झाले ते पाहा. चिमुरात लष्कर आले. तेथल्या स्त्रियांवर सैनिकांनी अत्याचार केल्याची वार्ता हळूहळू बाहेर फुटली. नागपूरच्या काही भगिनी जाऊन ती कानांनी ऐकून आल्या. सेवाग्राम आश्रमाचे प्राध्यापक भन्साळी यांनी निःपक्ष चौकशीची मागणी केली, दिल्लीस जाऊन व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील लोकनायक अणे यांचे दार ठोठावले, आणि अखेर अन्न वर्ज्य केले. ते उपोषण ६३ दिवस चालले. एवढ्या काळात वृत्तपत्रांनी त्याचा उल्लेखही करू नये असा हुकूम होता. चिथावणीचा शब्द थांबविण्यासाठी उभारलेली भिंत आता चिमूरच्या बायकांच्या साक्षीसमोर उभी राहिली. सरकारी दृष्टीने दोन्हीही शब्द क्षोभकारकच की!

त्यावर संपादकांनी जे केले, ते मला फार लक्षणीय वाटते. त्यांच्या अखिल भारतीय परिषदेने सरकारी पत्रके व नववर्षाच्या सन्मानांची यादी छापण्यास नकार दिला, आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वर्तमानपत्रांनी आपला अंकच काढला नाही. छापून जे सांगता येत नव्हते, ते न छापून सांगितले. १२ जानेवारीस उपोषण सुटले, बंदीही उठली. भन्साळींना हवी होती ती चौकशी मात्र सरकारने केली नाही.

त्यानंतर थोड्याच वर्षांत नागपूरच्या उच्च न्यायालयात, ज्याच्या अधिकारात चांदाही येत असे, भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार हा खटला चालला. १९४७ च्या निर्णयसंग्रहात नागपूरच्या भागातील तो पहिलाच. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्यात एक माप घालून दिले. शब्दाचा परिणाम ठरवावयाचा तो विवेकी, खंबीर व धीराच्या माणसावर काय होईल हे पाहून. ज्याचे मन डळमळीत आहे, अथवा ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोक्याचा वास येतो, त्याच्या मनावरून नव्हे. इंग्रजी राज्याच्या अखेरीस, १९४२ च्या आठवणी अजून ताज्या असताना, हे लिहिणे सोपे नव्हते.

ते माप पुढे नभोवाणीच्या धाकट्या भावंडाला, दूरदर्शनला, उपयोगी पडले. १९८८ च्या जानेवारीत भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनी केलेली ‘तमस’ ही मालिका सुरू झाली. फाळणीच्या दंगलींचे चित्रण पाहून दंगे होतील अशी तक्रार मुंबईच्या न्यायालयात गेली. न्यायमूर्ती लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ऐकीव गोष्टींवर विसंबण्यापेक्षा ती मालिका स्वतःच पाहिली आणि स्थगिती उठविली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला, आणि त्यात नागपूरचे ते माप जसेच्या तसे उचलले.

२३ मार्च २०२५ च्या रात्री उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावरील कुणाल कामरा याच्या विडंबनाने चिडून त्यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत खारच्या एका सभागृहाची मोडतोड केली. न पटलेल्या शब्दाला शब्दानेच उत्तर देण्याइतका धीर त्यांच्यापाशी नव्हता. पाचच दिवसांनी, २८ मार्चला, एका कवितेवरून गुजरातेत खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक हे मराठी, मुंबईच्या उच्च न्यायालयात वाढलेले. आणि त्यांनी पुन्हा आधार घेतला तो व्हिव्हियन बोस यांच्या त्याच नागपुरी वाक्यांचा.