तारखेची चाळणी : तरुण ब्रिजपटूंच्या निवड चाचण्यांचे वेळापत्रक

नागपूर : बुद्धिबळाच्या निवड स्पर्धेला एखादा खेळाडू परीक्षेमुळे येऊ शकला नाही, तर एकच खेळाडू गळतो. ब्रिजमध्ये तसे होत नाही. हा जोडीचा खेळ असल्याने एकाची परीक्षा आली की दोघांचे नाव यादीतून कमी होते. महिनोन्‌महिने सराव केलेल्या जोडीदाराच्या जागी ऐनवेळी दुसरा बसवून चाचणी जिंकणे अवघड असते. म्हणूनच तरुण ब्रिजपटूंच्या निवड चाचणीची तारीख ही केवळ कार्यालयीन बाब राहत नाही. पत्ते वाटले जाण्यापूर्वीच काही जोड्यांना बाहेर ठेवणारी ती पहिली चाळणी ठरते. ही तारीख कशी ठरावी, चाचणीचे दिवस कसे आखावेत आणि सीताबर्डीसारख्या मध्यवर्ती वस्तीत ती घ्यावयाची झाल्यास कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याचा हा आढावा.

खेळाचे स्वरूप

आज खेळल्या जाणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हॅन्डरबिल्ट यांनी १९२५ मध्ये सिद्ध केली. स्पर्धांमध्ये या खेळाचा ‘डुप्लिकेट’ प्रकार खेळतात. त्यात एकदा वाटलेली बावन्न पाने चार कप्प्यांच्या एका पेटीत जशीच्या तशी ठेवतात. या पेटीला ‘बोर्ड’ म्हणतात. तोच डाव निरनिराळ्या टेबलांवर निरनिराळ्या जोड्या खेळतात आणि नंतर निकालांची तुलना होते. त्यामुळे चांगली पाने आली म्हणून कोणी जिंकत नाही. त्याच पानांवर इतरांपेक्षा सरस खेळणारा जिंकतो.

‘पत्ते’ या शब्दाने आजही अनेक घरांत भुवया उंचावतात. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६७ मध्ये रमीसंबंधीच्या एका निकालात रमीतील नशिबाचा भाग ब्रिजमधील पानांच्या वाटपाइतकाच असल्याचे म्हटले आणि रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविले. जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने भारताला ब्रिजचे सुवर्णपदक मिळवून दिले. त्या वेळी बर्धन यांचे वय साठ होते. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये भरलेल्या पुढील आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने रौप्यपदक पटकावले.

वयाची अट

साठाव्या वर्षी सुवर्ण मिळवून देणारा हा खेळ तरुणांच्या गटात मात्र वयाबाबत कठोर आहे. जागतिक ब्रिज महासंघाची पहिली जागतिक कनिष्ठ सांघिक स्पर्धा १९८७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे झाली. पुढे त्यात २१ वर्षांखालील, १६ वर्षांखालील आणि २६ वर्षांखालील महिला असे गट आले. अलीकडे ३१ वर्षांखालील गटाचीही भर पडली आहे. ही सांघिक स्पर्धा सर्वसाधारणपणे दोन वर्षांतून एकदा होते. वयाची गणना वाढदिवसावर नव्हे, तर जन्माच्या वर्षावर होते. डिसेंबरअखेर जन्मलेला मुलगा आणि त्यानंतर काही दिवसांनी, जानेवारीत जन्मलेला मुलगा शाळेत एकाच वर्गात असले, तरी गटाची मर्यादा त्यांच्यासाठी वेगवेगळ्या वर्षी संपते.

यावरून एका हुकलेल्या चाचणीची किंमत लक्षात येते. सोळा वर्षांखालील गटात एखाद्या खेळाडूला खऱ्या अर्थाने तयारीनिशी एक किंवा दोनच स्पर्धा मिळतात. २०२० ची नियोजित जागतिक युवा सांघिक स्पर्धा करोनाच्या साथीमुळे होऊ शकली नाही आणि ती इटलीतील साल्सोमाज्जोरे येथे २०२२ मध्ये भरली. दोन वर्षांचा हा खंड एखाद्या गटातील खेळाडूचा संपूर्ण कार्यकाळ असू शकतो. साथीपुढे कोणाचा इलाज नव्हता. परंतु चुकीच्या तारखेमुळे होणारे नुकसान टाळता येण्याजोगे असते.

शेवटाकडून सुरुवातीकडे

निवड चाचणीचे वेळापत्रक आखण्याची रीत उलटी आहे. आधी जागतिक स्पर्धेची तारीख पाहायची आणि तेथून मागे यायचे. जागतिक महासंघाने जगाची आठ विभागांत वाटणी केली असून भारत आशिया आणि मध्यपूर्व या चौथ्या विभागात येतो. प्रत्येक विभागाला जागतिक स्पर्धेत ठराविक जागा मिळतात. भारतीय संघाची निवड ब्रिज फेडरेशन ऑफ इंडियामार्फत होते. युवा गटांच्या जागतिक स्पर्धा बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये भरतात. २०१८ ची स्पर्धा चीनमधील वुजियांग येथे ऑगस्टमध्ये झाली होती.

स्पर्धा जुलैच्या मध्यास युरोपात आहे असे धरल्यास हिशेब असा मांडता येतो. शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्यातील गर्दी लक्षात घेता अर्ज एप्रिलमध्ये जाणे सुरक्षित. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांसाठी मिळत असल्याने तो अनेकदा याच सुमारास संपत आलेला असतो. अल्पवयीनांसाठी पालकांची संमतिपत्रेही लागतात. विभागीय स्पर्धा असेल तर तिच्यासाठी आणखी काही आठवडे सोडावे लागतात. निवड झालेल्या तीन जोड्यांना एकत्र सरावासाठी निदान तीन महिने हवेत. एवढे मागे आल्यावर निवड चाचणीसाठी उरतो तो नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ.

परीक्षांचे पंचांग

या काळाच्या पुढे जाण्यात पहिली अडचण परीक्षांची आहे. राज्य मंडळाची बारावीची परीक्षा २०२५ मध्ये ११ फेब्रुवारीला, तर दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. त्यापूर्वी प्रात्यक्षिके असतात. अभियांत्रिकीसाठीच्या जेईई मुख्य परीक्षेची सत्रे जानेवारीच्या उत्तरार्धात आणि एप्रिलमध्ये होतात. राज्याची सीईटी एप्रिल-मेमध्ये असते. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे मेच्या पहिल्या रविवारी झाली. सीबीएसईने २०२६ पासून दहावीची दुसरी परीक्षा मे महिन्यात घेण्याचे ठरविले. थोडक्यात, पूर्वी ‘मोकळा’ समजला जाणारा मे महिना आता सोळा ते अठरा वयोगटासाठी मोकळा राहिलेला नाही.

त्यातच एका जोडीतील दोघे एकाच इयत्तेत असतील असे नाही. एक दहावीत आणि दुसरा अकरावीत, किंवा एक राज्य मंडळाचा आणि दुसरा केंद्रीय मंडळाचा, असे सर्रास असते. सव्वीस वर्षांखालील गटात तर एक जोडीदार पदव्युत्तर विद्यार्थी आणि दुसरा पुण्यात नोकरीला, अशीही स्थिती असते. त्याला रजेसाठी आधी कळणे आवश्यक असते. त्यामुळे संयोजकांनी तारीख ठरविण्यापूर्वी इच्छुक जोड्यांकडून दोघांच्या परीक्षांच्या तारखा लेखी मागवून एका तक्त्यात मांडणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. नको असलेल्या तारखा त्यातून आपोआप पुढे येतात.

सीताबर्डीची सोय आणि गैरसोय

नागपुरात चाचणी घ्यावयाची तर सीताबर्डीचा विचार स्वाभाविक आहे. झिरो माइल येथून जवळ, रेल्वे स्थानक टेकडीपलीकडे आणि मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीच्याच स्थानकात एकमेकींना छेदतात. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याच्या चारही दिशा डिसेंबर २०२२ पासून जोडल्या गेल्या असल्याने खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आणि लोकमान्यनगरपासून प्रजापतीनगरपर्यंतची मुले गाडी न बदलता किंवा एकदाच बदलून येथे पोहोचतात. बाहेरगावच्या जोड्यांनाही स्थानकावरून दूर जावे लागत नाही.

गैरसोयीही तितक्याच ठोस आहेत. नागपूर करारानुसार विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते, आणि ते बहुधा डिसेंबरात असते. त्या दिवसांत मोर्चे, अडथळे आणि वाहतुकीतील बदल यांचा ताण सीताबर्डीच्या परिसरावर पडतो. हॉटेलांत खोल्या मिळणे कठीण होते. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात आणि शहराकडे येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात मेनरोडवर पाय ठेवायला जागा नसते. मेमध्ये पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. कूलरच्या आवाजात आणि वीज गेल्यास बंद खोलीत सहा तास एकाग्र बसणे अशक्यप्राय होते. विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. पण तोवर जुलैच्या स्पर्धेसाठी फार उशीर झालेला असतो.

या सर्वांतून गाळून उरतात ते दोन कालखंड : दिवाळीनंतरचे नोव्हेंबरातील दिवस आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा. पहिला काळ शाळकरी गटांसाठी अधिक सोयीचा, तर दुसरा विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा आटोपलेल्या मोठ्या गटासाठी. सर्व गटांच्या चाचण्या एकाच वेळी घेण्याचा आग्रह सोडला, तर बऱ्याच अडचणी मिटतात.

किती डाव, किती तास

तारीख ठरली की दिवसांची आखणी येते. स्पर्धेतील एका डावाला सरासरी आठ मिनिटे धरतात. जोड्यांच्या चाचणीत बारा जोड्या असतील आणि प्रत्येक जोडीने उरलेल्या अकरा जोड्यांशी प्रत्येकी दहा डाव खेळायचे असतील, तर एकूण डाव ११० आणि वेळ १४ तास ४० मिनिटे. आठ संघांच्या साखळीत प्रत्येक सामना सोळा डावांचा ठेवल्यास सात सामन्यांचे डाव ११२ आणि वेळ सुमारे पंधरा तास. तरुणांना दिवसाला सहा-साडेसहा तासांपेक्षा अधिक बसविल्यास शेवटच्या फेऱ्यांत कौशल्यापेक्षा दमछाकच अधिक मोजली जाते. म्हणजे दोन्ही प्रकारांत शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस लागतात. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत हे कोंबणे परवडत नाही. सोळा वर्षांखालील गटासाठी डावांची संख्याच कमी करावी.

डाव फार कमी केल्यास मात्र निकाल योगायोगावर जाऊ लागतो. दहा डावांच्या सामन्यात एक चुकलेला स्लॅम सगळे चित्र पालटवू शकतो. शंभराहून अधिक डावांत तो पचून जातो. दिवस वाचविणे आणि खरी गुणवत्ता ओळखणे यांचा मेळ संयोजकांना येथे घालावा लागतो.

फेऱ्यांची मांडणी

साखळीतील फेऱ्या लावण्याची पद्धत सोपी आहे. बारापैकी एक जोडी एका जागी स्थिर ठेवून उरलेल्या अकरा जोड्यांना प्रत्येक फेरीनंतर एकेक जागा पुढे सरकवले, की अकरा फेऱ्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते. जोड्या विषम असतील तर प्रत्येक फेरीत एकीला विश्रांती मिळते. ही विश्रांती कोणाला कधी, हे चिठ्ठ्या टाकून आधीच जाहीर करावे.

दोन दक्षता महत्त्वाच्या आहेत. एकाच शहराच्या किंवा एकाच क्लबच्या जोड्यांच्या गाठी पहिल्या फेऱ्यांतच घालून द्याव्यात. शेवटच्या फेरीत एक जोडी शर्यतीबाहेर आणि तिची मैत्रीण जोडी निवडीच्या उंबरठ्यावर असली, तर खेळ प्रामाणिक असूनही संशयाला जागा राहते. दुसरे असे, की जेवणाची सुटी फेरी संपूर्ण झाल्यावरच द्यावी. एखादा डाव काही टेबलांवर खेळून झाला आणि काहींवर बाकी असताना मुले चहाला बाहेर पडली, तर जिन्यावरच्या गप्पांत तो डाव फुटतो.

नियम आधी, नावे नंतर

वेळापत्रकासोबत काही गोष्टी लेखी जाहीर व्हाव्यात : किती जोड्या निवडल्या जातील, राखीव जोडी कोणती, समान गुण झाल्यास निर्णय कसा, आणि निवडलेल्या जोडीतील एकाने माघार घेतल्यास दुसऱ्याचे काय. एखाद्या विद्यार्थ्याचा पेपर चाचणीतील एकाच सत्राशी भिडत असेल, तर त्या सत्रापुरता बदली खेळाडू चालेल का, हेही आधीच ठरलेले असावे. नावे समोर आल्यानंतर केलेला नियम कितीही योग्य असला, तरी तो कोणासाठी तरी केल्यासारखा दिसतो.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. चाचणीची तारीख त्याहीपूर्वी, म्हणजे निदान तीन महिने आधी जाहीर झाली, तरच चंद्रपूर किंवा जळगावच्या पालकांना तिकीट काढता येते. उशिरा जाहीर झालेली तारीख विमानाचे भाडे परवडणाऱ्यांसाठीच सोयीची असते.

हा मुद्दा गौण नाही. महाराष्ट्राच्या सीमेलगत, मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा नावाचे शेतकऱ्यांचे गाव आहे. १९६० च्या दशकात तेथे नेमणुकीवर आलेल्या एका पशुवैद्यकाने गावकऱ्यांना ब्रिज शिकविले आणि पुढे याच गावातील मुलांनी कनिष्ठ गटात देशाचे प्रतिनिधित्व केले. बुद्धीच्या खेळांत नागपूरही मागे नाही. रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला आणि दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. बुद्धिबळात मात्र वर्षभर मानांकन स्पर्धा चालू असतात. एक हुकली तर दुसरी असते. ब्रिजच्या तरुण खेळाडूला निवडीचे दार क्वचितच उघडते, आणि ते कोणत्या दिवशी उघडायचे हे संयोजकांच्या हाती असते. तो दिवस सर्वांच्या परीक्षा, प्रवास आणि वय पाहून ठरला, तर हरणाऱ्या जोडीलाही आपण टेबलावर हरलो, तक्त्यावर नव्हे, एवढे समाधान मिळते.